सरस्वती महासमूहाचा नकाशा काढण्यासाठी स्कायसर्व्हर आणि कॅसजॉब्ज: सविस्तर परीक्षण

स्वतःची मोठी दुर्बीण नाही, वेधशाळेत वेळ मिळण्याची शक्यता नाही, तरीही दीर्घिकांचे वेग वापरून एखाद्या महासमूहाचा, म्हणजे दीर्घिकासमूहांच्या प्रचंड जमावाचा, खराखुरा नकाशा काढायचा आहे. अशा वेळी स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे, म्हणजे एसडीएसएस, या प्रकल्पाची विदा देणारी स्कायसर्व्हर ही सेवा आणि मोठे शोध चालवण्यासाठी तिला जोडलेले कॅसजॉब्ज हे साधन ही आमची पहिली पसंती. दोन्ही मोफत आहेत, आणि त्यांतले रेडशिफ्ट (मराठी पुस्तकांतली ताम्रसृती, म्हणजे दूर जाणाऱ्या दीर्घिकेचा प्रकाश लाल रंगाकडे किती सरकला त्याचे माप) डोळे झाकून नव्हे, पण बऱ्याच निश्चिंतपणे वापरता येतात. नकाशा बिघडतो तो बहुतेक वेळा न मोजलेल्या दीर्घिकांमुळे. कुठे मोजमाप झालेले नाही, हे ही सेवा आपण मुद्दाम विचारल्याशिवाय सांगत नाही. म्हणून परीक्षणाचा मोठा भाग त्यावर खर्च केला आहे.

तपासणीसाठी सरस्वती महासमूह निवडला, कारण तो याच विदेतून सापडला. जुलै २०१७ मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील जॉयदीप बागची आणि सहकाऱ्यांनी त्याचा शोध जाहीर केला. त्या गटात पुण्याच्याच आयसरमधील शिशिर सांख्यायन आणि आयुकाचे तेव्हाचे संचालक सोमक रायचौधुरी होते. मीन राशीच्या दिशेला, रेडशिफ्ट सुमारे ०.२८ वर, किमान ४३ दीर्घिकासमूह आणि गट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किमान २०० मेगापार्सेक (सुमारे ६५ कोटी प्रकाशवर्षे), एकूण वस्तुमान अंदाजे २ कोटी अब्ज सूर्यांइतके. गाभ्यात एबेल २६३१ आणि झ्विकी २३४१ हे दोन जड समूह. झ्विकी २३४१ हा दोन उपसमूहांची टक्कर चाललेला समूह असून त्यातले पसरट रेडिओ उत्सर्जन नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही टिपले आहे. म्हणजे ज्या गोष्टीचा नकाशा काढायचा, तिचे उत्तर आधीच प्रसिद्ध आहे आणि आपला नकाशा त्याच्याशी ताडून पाहता येतो. शिकणाऱ्यासाठी याहून चांगले उदाहरण नाही.

विदा येते कुठून

न्यू मेक्सिकोतील अपाची पॉइंट वेधशाळेत २.५ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. तिच्या नाभीवर अॅल्युमिनियमची गोल तबकडी बसवली जाई. आकाशातल्या प्रत्येक निवडलेल्या दीर्घिकेच्या जागी तबकडीत एक भोक, आणि प्रत्येक भोकात हाताने खुपसलेला, प्रकाश वाहून नेणारा एक फायबर. सुरुवातीच्या वर्णपटमापकात एका तबकडीवर ६४० फायबर होते. बॉस या पुढच्या सर्वेक्षणात ते १००० झाले. जुन्या फायबरचे तोंड आकाशात ३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) व्यासाचे, नव्याचे २ विकला. सरस्वतीच्या अंतरावर १ विकला म्हणजे साधारण ४.२ किलोपार्सेक, तेव्हा फायबरमध्ये दीर्घिकेचा फक्त मधला ८ ते १३ किलोपार्सेकचा भाग येतो. वेग मोजायला तेवढा पुरतो.

रेडशिफ्ट काढताना संगणक मिळालेला वर्णपट नमुना-वर्णपटांशी पडताळतो आणि सर्वात चांगली जुळणी देणारा झेड (रेडशिफ्टचा आकडा) नोंदवतो. सरस्वतीतल्या तांबूस, वयस्क दीर्घिकांसाठी हे काम सोपे जाते, आणि त्यामागे योगायोगाचा वाटा आहे. कॅल्शियमच्या एच आणि के या शोषणरेषा मूळच्या ३९६९ आणि ३९३४ अँगस्ट्रॉमला असतात. ०.२८ रेडशिफ्टला त्या सुमारे ५०८० आणि ५०३६ ला सरकतात. तिथे रात्रीच्या आकाशाची स्वतःची चमक कमी असते. ५५७७ ची ऑक्सिजनची भडक रेषा बरीच पुढे राहते. त्यामुळे रेषा स्वच्छ दिसतात. याउलट हायड्रोजन-अल्फा ८४०० च्या आसपास जाते, तिथे हवेतल्या हायड्रॉक्सिल रेणूंच्या रेषांची दाटी असते आणि आकाशाची वजाबाकी नीट होत नाही. सोडियमची रेषा ७५४३ ला, म्हणजे वातावरणातल्या ऑक्सिजनच्या रुंद पट्ट्याच्या उंबऱ्यावर. एखादा झेड संशयास्पद वाटला तर स्कायसर्व्हरच्या एक्स्प्लोर पानावर वर्णपट उघडा आणि आधी एच-के ची जोडी शोधा. ती दिसली तर झेड बरोबर. केवळ लाल टोकाकडच्या एका टोकदार उंचवट्यावर विसंबू नका.

या पद्धतीत वेगातली अनिश्चितता चांगल्या दीर्घिकांसाठी ३० किलोमीटर प्रति सेकंदाच्या घरात असते. ०.२८ ला हे अंतरात अर्धा मेगापार्सेक होते. २०० मेगापार्सेकच्या नकाशात ही चूक दिसतही नाही.

प्रश्न कसा विचारावा

स्कायसर्व्हरवर एसक्यूएल (विदासंचाला प्रश्न विचारण्याची भाषा) शोधाचे पान आहे, त्याला खाते लागत नाही. छोट्या चाचण्या तिथे करा. खरे काम कॅसजॉब्जवर करावे. त्यासाठी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सायसर्व्हरचे मोफत खाते काढावे लागते. खात्याबरोबर मायडीबी नावाची ५०० एमबीची स्वतःची जागा मिळते. क्विक रांगेत प्रश्नाला एक मिनिट मिळते, लांब रांगेत काम पाठीमागे चालू राहते आणि उत्तर मायडीबीत येऊन पडते. सरस्वतीसाठी लागणारी यादी काही एमबीतच मावते, तेव्हा जागेची चिंता नको. कॉन्टेक्स्टमध्ये डीआर१७ (विदेचे सतरावे प्रकाशन) निवडा. जुन्या एसडीएसएस, बॉस आणि त्यानंतरचे ईबॉस या तिन्हींचे मिळून सुमारे ५८ लाख वर्णपट त्यात आहेत.

यादी स्पेकऑब्ज या वर्णपटांच्या तक्त्यामधून घ्या, स्पेकऑब्जऑल मधून नाही. दुसऱ्यात एकाच दीर्घिकेचे अनेक वर्णपट असतात. तबकड्या एकमेकींवर थोड्या चढतात, काही तबकड्या पुन्हा घेतल्या गेल्या आहेत. ते सगळे नकाशावर टाकले तर जिथे तबकड्या चढतात तिथे खोटी गर्दी दिसते, आणि ती इतकी नीटस गोलाईत असते की नवखा माणूस तिला खरी रचना समजू शकतो. स्पेकऑब्जमध्ये प्रत्येक वस्तूचा एकच, सर्वोत्तम वर्णपट ठेवलेला आहे.

आता अटी. क्लास हा गॅलक्सी असावा. झेड ०.२३ ते ०.३३ घ्या. सरस्वती ०.२८ ला असली तरी आजूबाजूच्या पोकळ्या दिसल्याशिवाय ती दाट आहे हे कळणार नाही, म्हणून दोन्हीकडे मोकळी जागा हवी. क्रांती (आकाशातले अक्षांश) उणे १.२५ ते अधिक १.२५ अंश, कारण शोध स्ट्राइप ८२ या खगोलीय विषुववृत्तावरच्या पट्ट्यात लागला.

विषुवांशाच्या (आकाशातल्या रेखांशाच्या) अटीपाशी मात्र बरेच जण अडकतात. एबेल २६३१ चा विषुवांश ३५४.४ अंश, झ्विकी २३४१ चा ३५५.९. पलीकडे चार अंशांवर ३६० संपून ० सुरू होतो. 'विषुवांश ३४० आणि २० च्या दरम्यान' अशी अट घातली तर शून्य ओळी परत येतात, कारण कोणतीही संख्या एकाच वेळी ३४० हून मोठी आणि २० हून लहान असू शकत नाही. 'दरम्यान' ऐवजी '३४० हून जास्त किंवा २० हून कमी' असे लिहा, आणि 'किंवा'ची अट स्वतंत्र कंसात ठेवा. कंस विसरला तर आधीच्या सगळ्या अटी फक्त पहिल्या अर्ध्याला लागतात आणि दुसऱ्या अर्ध्यात तारे, क्वेसार, सगळे भरून येते. नंतर आकृती काढताना ३४० हून मोठ्या विषुवांशांतून ३६० वजा करा, म्हणजे पट्टा सलग दिसेल.

झेडवॉर्निंग, म्हणजे झेडबद्दलचा इशारा, शून्य असावा, ही अट सगळेच घालतात. ती घालाच, पण तिचा अर्थ समजून घाला. हा आकडा बिटांनी बनलेला असतो. १६ म्हणजे नमुन्यापासून फटकून वागणारे बिंदू जास्त. तेजस्वी दीर्घिकांच्या उत्तम वर्णपटांनाही हा शेरा मिळतो आणि त्यांचा झेड बहुधा बरोबर असतो. ४ म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या जुळणीत फारसा फरक नाही. हा खरा धोक्याचा कंदील. १२८ म्हणजे फायबर भोकात नव्हताच. समूहांच्या मध्यभागी दीर्घिका कमी पडत असतील, तर १६ वाल्या ओळी एकेक उघडून डोळ्यांनी पाहा आणि परत घ्या. ४ वाल्या घेऊ नका.

बॉसच्या दीर्घिकांसाठी झेड-नोक्यूएसओ असा वेगळा स्तंभ आहे. तिथे जुळणी करताना क्वेसारचे नमुने वगळलेले असतात. दीर्घिका म्हणूनच निवडलेल्या वस्तूला कधी कधी गोंगाटामुळे क्वेसारचा नमुना चांगला जुळतो आणि झेड भलतीकडे जातो. बॉसच्या ओळींसाठी हाच स्तंभ आणि त्याचाच झेडवॉर्निंग वापरावा.

एक मोह टाळण्यासारखा आहे: 'फक्त बॉसची विदा घेऊ, ती एकसारखी असेल.' बॉसच्या लोझेड (कमी झेडच्या दीर्घिकांच्या) नमुन्याने जुन्या एसडीएसएसने आधीच मोजलेल्या दीर्घिकांवर पुन्हा फायबर खर्च केला नाही. त्यामुळे केवळ बॉस गाळून घेतले तर नेमक्या तेजस्वी, समूहांच्या केंद्रातल्या दीर्घिका गायब होतात आणि गाभ्याच्या जागी भोके पडतात. दोन्ही सर्वेक्षणे एकत्र घ्यायची आणि तेजस्वितेची एकच मर्यादा दोन्हींना लावायची. ही मर्यादा लावण्यासाठी छायाचित्रांच्या तक्त्यातून आर (लाल) फिल्टरमधली प्रत, म्हणजे तेजस्वितेचा आकडा (मंद वस्तूचा मोठा), आणावी लागते. ती आणताना डावा जोड (लेफ्ट जॉइन) वापरा, कारण काही वर्णपटांना छायाचित्रातली जोडी सापडलेली नसते आणि साध्या जोडात त्या ओळी गुपचूप गळतात.

यादी सीएसव्हीमध्ये उतरवून टॉपकॅट या तक्ते हाताळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा. एक्सेलमध्ये उघडून साठवू नका. वस्तूंचे क्रमांक १८-१९ अंकी असतात, एक्सेल १५ अंकांपुढचे शून्य करून टाकते, आणि मग तक्ते पुन्हा जोडताना एकही दीर्घिका जुळत नाही किंवा, त्याहून वाईट, चुकीची जुळते.

झेडवरून जागा

इथून पुढचे काम सेवेच्या बाहेरचे, पण नकाशाचे यश त्यावरच ठरते.

जवळच्या दीर्घिकांसाठी प्रकाशाचा वेग गुणिले झेड भागिले हबल स्थिरांक हे सूत्र चालते. ०.२८ ला चालत नाही. हबल स्थिरांक ७० आणि द्रव्याचा वाटा ०.३ धरला तर सोप्या सूत्राने १२०० मेगापार्सेक येतात, आणि विस्ताराचा इतिहास हिशेबात घेऊन येणारे सहगामी अंतर सुमारे ११२० आहे. ७ टक्के फरक. अॅस्ट्रोपाय या पायथन संचामधले विश्वरचनेचे गणित एका ओळीत बरोबर अंतर देते, तेच वापरा. पडताळणीसाठी दोन आकडे लक्षात ठेवा: या अंतरावर आकाशातला १ अंश म्हणजे सुमारे १९.५ मेगापार्सेक, आणि झेडमधला ०.००१ चा फरक म्हणजे ३.७ मेगापार्सेक. गाभ्यातले दोन समूह आकाशात दीड अंश दूर आहेत, म्हणजे आडवे सुमारे ३० मेगापार्सेक. तुमच्या आकृतीत ते तसे येत नसतील तर अंश आणि रेडियन यांत गफलत झाली आहे.

एसडीएसएसचे झेड सूर्याच्या चौकटीत असतात. सूर्य मात्र वैश्विक सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीच्या तुलनेत ३७० किलोमीटर प्रति सेकंदाने चालला आहे, आणि त्याच्या गतीच्या दिशेच्या नेमका उलट बिंदू मीन राशीतच, सरस्वतीच्या गाभ्यापासून जेमतेम १० अंशांवर पडतो. म्हणजे आपण सरस्वतीपासून जवळजवळ सरळ रेषेत, पूर्ण वेगाने दूर जात आहोत. दुरुस्ती केल्यावर सगळा महासमूह सुमारे ६ मेगापार्सेक जवळ येतो. सगळ्या दीर्घिका जवळपास सारख्याच सरकत असल्याने आकार बदलत नाही. तरीही दुसऱ्या यादीतले समूह याच नकाशावर टाकायचे असतील तर दोन्हींची चौकट एक आहे ना, हे पाहिल्याशिवाय टाकू नका.

आता 'वेग' या शब्दातला खरा पेच. झेडमध्ये विश्वाच्या विस्ताराचा वेग आणि दीर्घिकेचा स्वतःचा वेग मिसळलेले असतात आणि एका दीर्घिकेच्या वर्णपटावरून ते वेगळे करता येत नाहीत. जड समूहात दीर्घिका १००० किलोमीटर प्रति सेकंदाने इकडे-तिकडे फिरत असतात. ०.२८ ला हा वेग अंतर समजून मांडला तर प्रत्येक बाजूला १६ मेगापार्सेकची चूक होते. दोन-तीन मेगापार्सेकचा गोल समूह नकाशात ३० मेगापार्सेक लांब, आपल्याकडे रोखलेल्या बोटासारखा दिसतो. आता हे आठवा की सरस्वतीचा जो गाभा कदाचित स्वतःच्या गुरुत्वाने आकसत आहे, त्याची त्रिज्या सुमारे २० मेगापार्सेक आहे. बोटाची लांबी आणि गाभ्याचा आकार एकाच मापाचे झाले. म्हणून नकाशात आपल्या दिशेने ताणलेला कोणताही 'तंतू' खरा मानण्याआधी तो समूहाच्या केंद्रातून तर जात नाही ना, हे पाहा. जात असेल तर त्या समूहाच्या सदस्यांना समूहाच्या मध्यम झेडवर आणून आकृती पुन्हा काढा. आडवे, म्हणजे आकाशाच्या पृष्ठभागावर पसरलेले तंतू या दोषापासून मुक्त असतात आणि सुरुवातीला भरवसा त्यांच्यावरच ठेवावा.

समूहाचे वस्तुमान काढणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. सदस्य दीर्घिकेचा समूहातला वेग म्हणजे झेडमधला फरक गुणिले प्रकाशाचा वेग, भागिले (१ अधिक समूहाचा झेड). हा भागाकार राहून गेला तर वेगांचा विखुरलेपणा २८ टक्क्यांनी फुगतो. वस्तुमान विखुरलेपणाच्या घनावर अवलंबून असल्याने ते दुपटीहून जास्त येते. जवळच्या समूहांवर हात बसलेला असेल तर हीच चूक होते, कारण तिथे १ अधिक झेड म्हणजे जवळपास १ च.

जे मोजलेच गेले नाही

एका तबकडीवर दोन फायबर अगदी शेजारी बसत नाहीत. जुन्या सर्वेक्षणात किमान अंतर ५५ विकला, बॉसमध्ये ६२. सरस्वतीच्या ठिकाणी ६२ विकला म्हणजे सुमारे २६० किलोपार्सेक. समूहाच्या गाभ्यात एवढ्या जागेत कितीतरी दीर्घिका असतात. मूळ मुख्य नमुन्यात या कारणाने सुमारे ६ टक्के दीर्घिका सुटल्या. ही सरासरी आहे. सुटलेल्या दीर्घिका मोकळ्या आकाशात नसून गर्दीतच असतात. म्हणजे महासमूह शोधणाऱ्याला जिथे सर्वात जास्त दीर्घिका हव्यात, तिथेच सेवा सर्वात कमी देते.

हे डोळ्यांनी पाहण्याची चांगली सोय स्कायसर्व्हरवर आहे, आणि तिचे कौतुक केलेच पाहिजे. नॅव्हिगेट साधनात एबेल २६३१ च्या जागी जा आणि वर्णपट असलेल्या वस्तू दाखवण्याची खूण चालू करा. ज्यांचा वर्णपट आहे त्यांच्याभोवती लाल चौकट येते. मधल्या भागात सारख्याच रंगाच्या, पण चौकट नसलेल्या दीर्घिका मोजा. कोणत्याही सूत्रापेक्षा यावरून अंदाज लवकर येतो. सुटलेल्या दीर्घिकेला शेजारणीचा झेड देणे हा रूढ उपाय आहे. घनता मोजायला तो ठीक, पण वेगांच्या विखुरलेपणाला अपायकारक, कारण त्यात खोटे शून्य फरक घुसतात.

दुसरी मर्यादा तेजस्वितेची. जुन्या सर्वेक्षणाचा मुख्य नमुना आर प्रत १७.७७ पर्यंत जातो. सरस्वतीच्या अंतरावर, वर्णपट सरकल्याची सुधारणा न धरता, ही निरपेक्ष प्रत उणे २३ झाली. म्हणजे समूहांच्या मध्यभागच्या राक्षसी दीर्घिकाच तेवढ्या. लोझेड १९.६ पर्यंत उतरतो, तिथे उणे २१.२ पर्यंतच्या दीर्घिका मिळतात. आपल्या नकाशाचा कणा लोझेडच आहे, आणि तोही विरळ: दर १० लाख घन मेगापार्सेकमागे सरासरी १०० दीर्घिका. २० मेगापार्सेक त्रिज्येच्या गोलात सरासरी तीन-चार. या विदेवर १० मेगापार्सेकचा गुळगुळीतपणा लावून काढलेल्या देखण्या रंगीत आकृत्यांत दिसणारे बहुतेक डाग म्हणजे मोजणीतला चढउतार असतो. २० च्या खाली जाऊ नका.

तिसरी मर्यादा पट्ट्याची. स्ट्राइप ८२ अडीच अंश रुंद आहे, म्हणजे सरस्वतीच्या ठिकाणी ४९ मेगापार्सेक. ज्या रचनेची लांबी २०० आहे, तिचा हा एक काप झाला. पट्ट्याच्या कडेला नकाशा तुटतो, रचना नव्हे. बॉसने दक्षिण दीर्घिकीय टोपीतला (आकाशगंगेच्या पट्ट्याच्या दक्षिणेकडच्या आकाशातला) बराच मोठा भाग व्यापला असल्याने क्रांतीची अट सैल करून उत्तरेकडे जाता येते, आणि जावेच. मात्र खुद्द पट्ट्यात वर्षानुवर्षे विशेष प्रयोगांसाठी जादा तबकड्या लावल्या गेल्या, बाहेर तशा लावल्या नाहीत. सगळे वर्णपट सरसकट घेतले तर पट्टा आजूबाजूपेक्षा दाट दिसेल आणि तुम्ही विषुववृत्तावर एक खोटा महासमूह शोधून बसाल. यावर उपाय म्हणजे बॉसटार्गेट१ या स्तंभामधला लोझेडचा बिट तपासून तेवढ्याच दीर्घिका घेणे.

हे सगळे स्वतः करायचे नसेल तर डीआर१२ ची तयार लोझेड-दक्षिण यादी उतरवून घ्या. तिच्याबरोबर यादृच्छिक बिंदूंची जोडयादी येते, जिच्यात सर्वेक्षणाच्या कडा आणि भोके आधीच हिशेबात घेतली आहेत. प्रत्येक दीर्घिकेला तीन वजने दिलेली असतात: फायबरांच्या टकरीचे, झेड न मिळाल्याचे आणि आकाशाच्या स्थितीचे. पहिली दोन बेरीज करून १ वजा करायचा आणि तिसऱ्याने गुणायचे. तिन्हींचा नुसता गुणाकार करू नये. दीर्घिकांची घनता भागिले यादृच्छिक बिंदूंची घनता, एवढ्याने बहुतेक खोट्या रचना विरून जातात. आमच्या मते घनतेचा नकाशा याच यादीवरून काढावा आणि कॅसजॉब्ज वापरावे ते एकेका समूहात खोल शिरण्यासाठी.

लानिआकेआसारखा नकाशा हवा असेल तर

२०१४ मध्ये टली, कुर्त्वा, हॉफमन आणि पोमारेद यांनी आपल्या आकाशगंगेचा महासमूह, लानिआकेआ, दीर्घिकांच्या स्वतःच्या वेगांवरून आखला. त्यासाठी झेडबरोबर प्रत्येक दीर्घिकेचे स्वतंत्र अंतर लागते. विस्ताराचा वेग वजा केला की उरतो तो प्रवाह. ही अंतरे एक्स्ट्रागॅलॅक्टिक डिस्टन्स डेटाबेसमध्ये मोफत मिळतात आणि कॉस्मिकफ्लोज-४ या यादीमध्ये ती सुमारे ५६ हजार दीर्घिकांची आहेत. तिथला अंतर-वेग गणकही उत्तम आहे: एक आवृत्ती ३८ मेगापार्सेकपर्यंत, दुसरी २०० पर्यंत. विर्गो (कन्या) समूहाच्या आसपासच्या दीर्घिकेचे अंतर झेडवरून काढणाऱ्याने तो वापरलाच पाहिजे.

सरस्वतीला मात्र ही पद्धत लागू पडत नाही आणि कारण साधे आहे. टली-फिशर पद्धतीने (दीर्घिकेच्या फिरण्याच्या वेगावरून तिची खरी तेजस्विता आणि त्यावरून अंतर काढणे) अंतरात २० टक्के चूक धरावी लागते. १०० मेगापार्सेकवर ती १४०० किलोमीटर प्रति सेकंद होते, तर दीर्घिकांचे स्वतःचे वेग काहीशे. समूहातल्या १६ दीर्घिकांची सरासरी घेतली तर चूक ३५० वर येते आणि काम भागते. ११२० मेगापार्सेकवर तीच २० टक्के चूक १५ हजारांवर जाते. कितीही दीर्घिकांची सरासरी घेतली तरी हाती काही लागणार नाही. म्हणून लानिआकेआची सीमा प्रवाहांनी आखली आहे आणि सरस्वतीची घनतेने. दोन्ही आकृत्या शेजारी ठेवून आकारांची तुलना करताना ही गोष्ट विसरू नये.

इतर पर्याय

नेड ही नासाची यादी एकेका समूहाची माहिती काढायला अप्रतिम, पण तिच्यात शेकडो शोधनिबंधांतले झेड एकत्र आहेत. ज्या समूहावर जास्त लोकांनी काम केले तिथे जास्त दीर्घिका. घनतेच्या नकाशासाठी ती वापरू नका.

खरा प्रतिस्पर्धी डेसी हे नवे वर्णपट-सर्वेक्षण. किट पीकवरच्या ४ मीटर मेयॉल दुर्बिणीवर ५००० फायबर यंत्रमानवांनी हलतात, आणि तेजस्वी दीर्घिकांचा नमुना आर १९.५ पर्यंत सरसकट जातो, रंगाची निवड न करता. लोझेडमध्ये फक्त तांबूस दीर्घिका असतात. डेसीत निळ्याही येतात, आणि समूहांना जोडणारे विरळ तंतू दिसतात ते त्यांच्यामुळे. मार्च २०२५ मध्ये पहिला मोठा संच खुला झाला. तो मुख्य सर्वेक्षणाच्या पहिल्या १३ महिन्यांचाच आहे, म्हणून तुम्हाला हव्या त्या भागात किती वेळा निरीक्षण झाले आहे हे फरशांच्या (एकेका निरीक्षणात व्यापलेल्या क्षेत्रांच्या) नकाशावर पाहून मगच यादी उतरवा. एकदाच निरीक्षण झालेल्या भागात फायबर न मिळालेल्या दीर्घिका बऱ्याच असतात, आणि त्या पुन्हा गर्दीतल्याच.

कॅसजॉब्जचा चेहरा जुना आहे, चुकांचे संदेश त्रोटक असतात, आणि स्तंभांची माहिती स्किमा ब्राउझर या वेगळ्या पानावर शोधावी लागते. एसक्यूएल अजिबात न येणाऱ्याला पहिला आठवडा कठीण जाईल. त्याने स्कायसर्व्हरवरच्या नमुना-प्रश्नांपैकी एक घेऊन त्यातल्या मर्यादा बदलत जावे. भौतिकशास्त्राच्या एमएस्सीच्या प्रकल्पाला ही सेवा पुरून उरते. चार जण मिळून करणार असाल तर एकाने लोझेडची तयार यादी, दुसऱ्याने कॅसजॉब्ज, असे तेच क्षेत्र स्वतंत्रपणे काढा आणि एबेल २६३१ भोवतालच्या २० मेगापार्सेकमधल्या दीर्घिकांची संख्या ताडून पाहा. दोन आकडे जुळले नाहीत तर आधी कंस तपासा, मग डावा जोड, मग सर्वेक्षणाचे नाव.